गयामाय आणि कठड्याची खाट

गयामायच्या दारात कुणी जुना पाळणा घेऊन आलं, की ती पाळण्याकडे बघायची नाही. आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, “यातलं लेकरू कुठं हाय?”

पाळणा असो, दुपटं असो, नाहीतर चाक निखळलेली बाबागाडी. ज्या लेकराने ती वापरली ते आता केवढं झालं, कुठं असतं, काय करतं, हे सांगितल्याशिवाय ती वस्तूला बोट लावत नसे. लोक म्हणायचे, म्हातारी शकुन बघते. मीही तेच म्हणायची. मी शकुनाला भीत नाही. बकऱ्यांच्या बाजारात तीस वर्षं काढलेली बाई आहे मी. दोन शेळ्यांवर सुरुवात केली. आज माझा माल गाडी भरून नांदेडला जातो. दलालांची दादागिरी मी त्यांच्याच रुमालात बांधून परत दिली आहे. पण त्या म्हातारीच्या त्या एका प्रश्नाची भीती माझ्या पोटात जी बसली, ती अजून उठलेली नाही.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यातलं. गयामाय अंगणवाडीत मदतनीस होती. काम सुटल्यावर तिने आपल्या पत्र्याच्या खोलीत हा उद्योग मांडला. आढ्याला पोती टांगलेली असत आणि प्रत्येक पोत्याच्या गाठीला चिंधी. लाल चिंधी म्हणजे सव्वा महिन्याच्या आतलं, हिरवी म्हणजे बसतं लेकरू, पिवळी म्हणजे रांगतं. गावात बाळंतीण घरी आली की गयामाय त्या-त्या पोत्यातली गाठोडी पोचवायची. पैसे घ्यायची नाही. अट एकच, लेकराला वस्तू लहान झाली की धुऊन परत आणून द्यायची. सहा पाळणे होते तिच्याकडे. गावातली निम्मी पोरं त्या सहा पाळण्यांत वाढली.

“नवं कापड चावतं, जुनं कापड चाटतं,” असं ती म्हणायची. गाय वासराला चाटते तसं. जुनी धोतरं, मऊ झालेली लुगडी ती रिठ्याच्या पाण्यात धुवायची, दोन उन्हं दाखवायची आणि त्यांची झबली शिवायची. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे लेकराच्या अंगाला टाका घासत नाही. गोधडीची गाठ आत दडवायची, म्हणजे दोऱ्यात बोट अडकत नाही. गुंड्या काढून नाड्या लावायची. गुंडी तुटली की पोरगं गिळतं. गंजलेला पाळणा विटेच्या तुकड्याने घासायची आणि गजांना साडीच्या पट्ट्या गुंडाळायची, पण रंग कधी लावायची नाही. “रंग मोठ्यांच्या डोळ्याला, जातो लेकराच्या पोटात,” म्हणायची. कुणी खताची पिशवी धुऊन लेकराखाली अंथरली, तर ती त्या घरच्यांना असं बोलायची की शेजारच्या गल्लीतली माणसं गोळा व्हावीत. त्या जागी स्वतः जुना रेनकोट कापून द्यायची.

आणि प्रत्येक पाळणा द्यायच्या आधी ती त्यात वरवंटा ठेवायची. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, ती रीत सगळ्यांचीच. पण बायका दोन झोके देतात आणि गाणं म्हणून मोकळ्या होतात. गयामाय आदल्या दिवशी सगळ्यात जड वरवंटा मागून आणायची आणि तासभर, हात दुखेपर्यंत, पाळणा हलवायची. मी एकदा हसले. ती म्हणाली, “हस बाई. दगड पडला तर दगडच पडतो.”

माझं आणि तिचं जमायचंही आणि जमायचं नाहीही. मी भाजीवालीशी हुज्जत घालताना दिसले की ती ओट्यावरून ओरडायची, “कांता, सोड त्या बाईला! तू तर यमाशी पण घासाघीस करशील.” मी म्हणायची, “करीन की. तुझ्यासाठी पण दोन वर्षं मागून घेते.” ती म्हणायची, “नको माय, तुझ्या भावातलं आयुष्य मला न्हाई पुरायचं.”

मग माझ्या सुनेला, रेखाला, दिवस भरायच्या पुष्कळ आधी मुलगी झाली.

करडं मी हजारांनी बघितली आहेत. जन्मल्यावर कुठलं करडू उभं राहून आचळ शोधणार आणि कुठलं संध्याकाळपर्यंत मान टाकणार, हे मला एका नजरेत कळतं. नांदेडच्या दवाखान्यात काचेतून मी नातीला पहिल्यांदा बघितलं आणि माझ्या नजरेने आपण होऊन तोच हिशेब केला. मी तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या पारखीची भीती वाटली.

बरेच दिवस काचेत काढून पोरगी घरी आली. नाव ठेवलं स्वरा. गयामाय पहिल्याच दिवशी लाल चिंधीचं गाठोडं घेऊन आली. नर्सने सांगितलं होतं तसं रेखाने लेकराला उघड्या छातीशी धरून बसायचं होतं, त्यासाठी तिने जुन्या लुगड्याची झोळी शिवून आणली होती. तिने स्वराच्या तळपायाला गाल लावला. “जगते पोरगी,” म्हणाली. मी विचारलं, “कशावरून?” ती म्हणाली, “पाय मागं घेतला तिनं. राग हाय अंगात. तुझ्यावर गेली.”

सहाही पाळणे तेव्हा बाहेर होते. गयामाय म्हणाली, थांब, एक परत येऊन राहिला. पण मला थांबायचं नव्हतं. खरं सांगायचं तर गावभर फिरलेल्या पाळण्यात माझी नात झोपावी, हेच मला नको होतं. मी वर आलेली बाई. मला शहरातल्या घरांत असते तशी कठड्याची खाट हवी होती, उंच पायांची, चारी बाजूंनी गज असलेली. आमच्या घरात शेळ्या मोकळ्या फिरतात, लेकरू जमिनीपासून वर हवं. फक्त नवी घ्यायची नव्हती. नव्या वस्तूचे पैसे देणं हा माझ्या दृष्टीने बावळटपणा.

हिंगोलीत एका घरी अशी खाट विकायची आहे, असं कळलं. मी गेले. तरणी बाई होती, तोंड उतरलेलं. खाट दारातच काढून ठेवली होती. सागवानी, भक्कम, आणि एक बाजू अशी की वरची खिटी उचलली की खाली सरकायची, म्हणजे लेकराला वाकून घ्यावं लागत नाही. मी खाट हलवून बघितली, वाकून सांधे बघितले. वाकल्यावर मला घराच्या आतलं दिसलं. तीनेक वर्षांचं पोर सतरंजीवर पडलेलं होतं. डोळे उघडे, आढ्याकडे. माशी त्याच्या ओठावर बसली, उठली, पुन्हा बसली. पोराने हात हलवला नाही.

मी ते बघितलं. हे मला लिहायलाच हवं. मी बघितलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला, की या बाईला ही खाट घरातून लवकर जायला हवी आहे. मी भाव पाडला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, काही तरी बोलेल असं वाटलं, आणि मग नुसती मान डोलावली. बाजारात माल कुठून आला हे विचारायचं नसतं. विचारलं की समोरचा बोलायला लागतो, आणि बोलायला लागला की भाव चढतो.

खाट गाडीतून उतरवली ती गयामायच्या दारात. पट्ट्या गुंडाळायच्या होत्या, तळाची फळी करकरत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

“यातलं लेकरू कुठं हाय?”

“हिंगोलीला. चांगलं हाय.”

“केवढं हाय?”

“शाळेत जातंय.”

“गजाला धरून उभं राहायला लागलं तवा पण यातच होतं का?”

“व्हय गं माय! दोन वर्षं यातच नाचलं. आता उलटतपासणी बंद कर, मला बाजाराला जायचं हाय.”

इतकं सोपं होतं. मी रोज याहून मोठ्या थापा मारते. दात गेलेल्या म्हाताऱ्या शेळीला मी दोनदाच व्यालेली म्हणून विकलं आहे. गयामायने मान डोलावली आणि खाटेला हात लावला. चार दिवस तिने त्या खाटेवर काम केलं. फळी बदलली, गजांना, कठड्याला जाड-जाड पट्ट्या गुंडाळल्या, वरवंटा घालून तासभर गदागदा हलवली. मग म्हणाली, “आण लेकरू.”

सुरुवातीचे महिने काही वाटलं नाही. स्वरा नुसती पडून असायची. पण ती बसायला लागली, आणि माझ्या मनात ते सतरंजीवरचं पोर आलं. मी स्वतःला सांगायची, जन्मतःच तसं असेल. खाटेचा काय संबंध? पोरगी गजाला धरून उठायला बघायला लागली, तसं ते पोर माझ्या डोळ्यापुढून हलेना. बाजारात घरून फोन आला की मी हातातला सौदा टाकून आधी पोरीचं विचारायची. रेखा म्हणायची, “आत्याबाई, मीठ आणा म्हणायला केला हो फोन.” मी तिलाच ओरडायची. खाट काढून टाकावी, असं रोज वाटायचं. पण काढायची तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर गयामायला सांगावं लागलं असतं. मी खाटेला भीत होते, पण तिला जास्त भीत होते.

हळद शिजायच्या दिवसांतली गोष्ट. दुपार होती. रेखा मागे कपडे धूत होती, मी अंगणात शेळ्यांना पाला टाकत होते. दार उघडं. स्वरा वरची दांडी दोन्ही हातांनी धरून उभी होती, माझ्याकडे बघून हसत होती आणि दांडी वर ओढत, गुडघ्यात वाकत, नाचत होती. आणि आवाज आला. खट.

खिटी उडाली होती. कठडा सुटून चार बोटं खाली आला आणि थांबला. गयामायच्या जाड पट्ट्या कठडा सरकायच्या खाचेत गोळा होऊन अडकल्या, म्हणून थांबला. स्वरा कमरेपर्यंत बाहेर वाकली होती आणि अजून हसत होती. मी कशी पोचले मला माहीत नाही. माझ्या हातातला पाला खाटेत सांडलेला होता, एवढं आठवतं.

तशीच लेकराला कडेवर घेऊन मी गयामायकडे गेले. ती लुगडं फाडत बसली होती.

“माय, मी खोटं बोलले.”

“कवा?”

“खाटेचं. ते लेकरू शाळेत जात न्हाई. ते उठत पण न्हाई. मी बघितलं होतं.”

तिच्या हातातलं लुगडं फाटायचं अर्धवट राहिलं. मी वाट बघत होते. ती ओरडली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं: मी काय जाणूनबुजून केलं का, माझीच नात होती ना त्यात, तू एवढी शहाणी तर तुला खिटी कशी दिसली नाही. सगळं तोंडाशी आलेलं. तिने फक्त हात पुढे करून स्वराला माझ्याकडून घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि रेखाकडे नेऊन दिलं. मग चप्पल घातली.

“चल,” म्हणाली. “ते घर दाखव.”

आम्ही जीपने हिंगोलीला गेलो.

त्या घरी गयामाय आधी पोराजवळ जाऊन बसली. त्याचा पाय हातात घेतला. पोराने पाय मागे घेतला नाही. मग ती त्याच्या आईला म्हणाली, “बाई, मी तुमच्या खाटेला पट्ट्या गुंडाळल्या. मला सांगा, काय झालं होतं.”

त्या बाईने सांगितलं. अकरा महिन्यांचा होता. दांडी धरून नाचायचा. ती भाकरी थापत होती. खट वाजलं, तिला वाटलं उलथणं पडलं. नवऱ्याने मग खिटी ठोकून बसवली आणि म्हणाला, विकून टाक, डोळ्यापुढं नको.

“घ्यायला लय जण आले,” ती म्हणाली. “सगळ्यांनी लाकूड बघितलं.” मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. “तुमी तर ह्याला पण बघितलं होतं. मला वाटलं, आता ह्या विचारतील. विचारलं की सांगणार होते, नेऊ नका म्हणून. तुमी भाव पाडला.”

गयामायने माझ्याकडे बघितलं नाही. मी भिंतीकडे बघत उभी राहिले.

“मी ती मोडू का?” गयामायने त्या बाईला विचारलं. बाईने पदर तोंडाला लावला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गयामायने माझ्या अंगणात कुऱ्हाडीने ती खाट फोडली. दोऱ्याचा तुकडा न टाकणारी बाई. तिने त्या सागवानातली एक काडी ठेवली नाही, खिळे वेगळे काढले नाहीत. सगळं पाणी तापवायच्या चुलीत घातलं. रेखाला राहवलं नाही. “माय, निदान फळी तर ठेव. चांगली हाय.”

“लाकडाचा गुन्हा न्हाई,” गयामाय म्हणाली. “पण हे तुकडे उकिरड्यावर दिसले, तर कुणी तरी उचलंल, घासंल, जोडंल. मी माझ्यासारख्याच एखाद्या बाईला भिऊन राहिले.”

मग तिने एक प्लास्टिकची खुर्ची घेतली, पाय कापले, तिला मोडक्या बाबागाडीची चाकं बसवली, पाठीला गोधडी शिवली आणि छातीला धरून ठेवणारा रुंद पट्टा लावला, गुंडी नसलेला. “हे तू हिंगोलीला पोचव,” मला म्हणाली. एवढंच. मी पोचवलं. त्या बाईने पोराला त्यात बसवून दारात आणलं. रस्त्यावरून म्हशी चालल्या होत्या. त्याचे डोळे म्हशींच्या मागे गेले. मी थांबले नाही.

त्यानंतर गयामायने पाळणे घ्यायचं-द्यायचं बंद केलं. सहाच्या सहा वेगवेगळ्या घरी कायमचे देऊन टाकले. कुणी विचारलं तर म्हणायची, “डोळे गेले माझे. आता मला दिसत न्हाई.” सगळ्या गावाने ते खरं मानलं. झबली मात्र शिवत होती, सुईत दोरा एका फटक्यात ओवत होती, आणि कुणाच्या ते ध्यानात येत नव्हतं. मला येत होतं. लोक हळहळायचे, म्हातारी थकली. मी तिथंच उभी असायची. तिने एकदाही माझं नाव घेतलं नाही. माझ्या घरी येत राहिली, स्वराला खेळवत राहिली, माझ्या हातचा चहा पीत राहिली.

हेच मला पटलेलं नाही, आजही नाही. माझी तक्रार आहे तिच्याबद्दल. मी चुकले तर मला चारचौघांत बोलायचं होतं. मी आपण होऊन खरं सांगायला गेले होते, त्याचं काही तरी मोल धरायचं होतं. भांडणाचा मला सराव आहे. भांडण झालं की दोन्ही बाजूंचं थोडं-थोडं खरं निघतं आणि माणूस मोकळं होतं. तिने मला ती सोयच ठेवली नाही. चूक माझी आणि डोळे तिचे गेले, हा कुठला न्याय?

दोन वर्षांनी तिचा मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. ती तिकडेच वारली. आम्हाला फोनवर कळलं. मी बाजारातून उठून घरी आले.

ती पुण्याला निघाली त्या दिवशी मी कळमनुरीच्या बसस्टँडवर गेले होते. मुलगा सामान चढवत होता. ती खिडकीशी बसली होती, मांडीवर शिवणाचं गाठोडं. मी खाली उभी. आजूबाजूला माणसं होती, तरी मी बोलले.

“माय, जायच्या आधी एकदा माझ्याशी भांड.”

“काहून?”

“त्या खाटेवरून. शिव्या दे. काय द्यायच्या त्या दे, मी उलटून बोलणार न्हाई.”

“आता काहून पण?”

“माझं मन हलकं होईल.”

तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या गालावरून फिरवला. सुई टोचून-टोचून खरखरीत झालेली बोटं होती.

“व्हय,” ती म्हणाली. “म्हणूनच भांडत न्हाई.”